मोठ्या संख्येचे गुणधर्म कसे काढावेत: अवयवांपासून विभाजकांपर्यंत, क्रमाने आणि ताळ्यासकट

आठ-दहा अंकी संख्या देऊन 'हिचे गुणधर्म काढा' म्हटलं की बरेच जण दोन ठिकाणी हमखास घसरतात. काही जण अवयव पाडायचं काम अर्धवट टाकून थेट विभाजक मोजायला बसतात. काही जण शेवटी उरलेली चार अंकी संख्या 'दिसते तर मूळच' म्हणून तशीच ठेवतात. विभाजक किती, त्यांची बेरीज किती, संख्या दोन वर्गांची बेरीज आहे का, तिच्याशी सहमूळ (म्हणजे १ सोडून एकही सामाईक विभाजक नसलेल्या) संख्या किती, ही सगळी उत्तरं मूळ अवयवांवर उभी असतात. तिथे चूक झाली की खालचं सगळंच चुकतं, आणि चुकलेलं उत्तरही दिसायला अगदी व्यवस्थित असतं. म्हणून या लेखाचा मोठा भाग अवयवांवरच आहे.

उदाहरणाला एकच संख्या घेऊ: ४,०९,५३,५२८. चार कोटी नऊ लाख त्रेपन्न हजार पाचशे अठ्ठावीस. (^ ही खूण घातांकाची. २^३ म्हणजे २×२×२.)

## तयारी

मूळ संख्यांची यादी. शंभरपर्यंतच्या पंचवीस मूळ संख्या कागदावर लिहून समोर ठेवा: २, ३, ५, ७, ११, १३, १७, १९, २३, २९, ३१, ३७, ४१, ४३, ४७, ५३, ५९, ६१, ६७, ७१, ७३, ७९, ८३, ८९, ९७. तोंडपाठ असली तरी लिहा. घाईत ५१, ५७, ८७ आणि ९१ या यादीत घुसतात. त्या अनुक्रमे ३×१७, ३×१९, ३×२९ आणि ७×१३ आहेत. जास्तीची संख्या घुसली तर एक भागाकार फुकट जातो, इतकंच. एखादी मूळ संख्या गळली तर मात्र सगळं उत्तर वाया. १ ही मूळ संख्या नाही, तिला यादीत जागा नाही.

दोन रकाने. डावीकडे ज्याने भागलं ती संख्या, उजवीकडे भागाकार. या भागाकाराला मी पुढे 'शिल्लक' म्हणणार आहे, कारण 'बाकी' हा शब्द भागाकारातल्या बाकीसाठी राखून ठेवायला हवा. दोन्हींना बाकी म्हटलं की तिसऱ्या ओळीतच गोंधळ सुरू होतो.

कॅल्क्युलेटर. पडद्यावर किती अंक मावतात ते आधी बघा. आपली संख्या आठ अंकी आहे, पण तिच्या विभाजकांची बेरीज नऊ अंकी येणार आहे. आठ अंकी साधा कॅल्क्युलेटर तिथे हात वर करतो.

## टप्पा १: संख्या बरोबर उतरवून घ्या

हास्यास्पद वाटेल, पण चुका इथूनच सुरू होतात. अंक मोजा: आठ. मग दोन ताळे काढून संख्येच्या बाजूला लिहून ठेवा.

नवाचा ताळा: ४+०+९+५+३+५+२+८ = ३६, आणि ३+६ = ९.

अकराचा ताळा: उजवीकडून एकाआड एक वजा-अधिक करत जा. ८−२+५−३+५−९+०−४ = ०.

इशारा: नुसत्या नवाच्या ताळ्यावर विसंबू नका. ५३ च्या जागी ३५ लिहून ४,०९,३५,५२८ केलंत, तरी अंकांची बेरीज ३६ च राहते. अकराचा ताळा मात्र ० ऐवजी −४ येतो आणि चूक लगेच पकडली जाते. शेजारच्या अंकांची अदलाबदल ही उतरवतानाची नेहमीची चूक, आणि नऊला ती दिसतच नाही.

## टप्पा २: न भागता जे कळतं ते आधी काढा

क्रम असा ठेवा: २, मग ५, मग ३ आणि ९, मग ७-११-१३ एकत्र.

२ चे घात. शेवटचे तीन अंक ५२८, त्याला ८ ने निःशेष भाग जातो (६६). शेवटचे चार अंक ३५२८, त्याला १६ ने भागलं तर २२०.५ येतात, म्हणजे जात नाही. २ चा घातांक नेमका ३. भागाकार सुरू करण्यापूर्वीच हा आकडा हाती आला.

५. शेवटी ८ आहे. विषय संपला.

३ आणि ९. बेरीज ३६, म्हणजे ९ ने भाग जातो. पण घातांक २ च आहे की त्याहून मोठा, हे अजून कळलेलं नाही.

इशारा: '३ ची कसोटी बेरजेवर, ९ ची बेरजेवर, म्हणजे २७ चीही बेरजेवर' असं नसतं. ही कसोटी ९ पाशी थांबते. पुढच्या टप्प्यात याचा जिवंत नमुना येईल.

७, ११, १३. ही कसोटी फारशी वापरली जात नाही, आणि ते नुकसानच आहे. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट करा आणि एकाआड एक वजा-अधिक करा. गट ५२८, ९५३ आणि ४०.

५२८ − ९५३ + ४० = −३८५

वजा चिन्ह सोडून द्या. ३८५ ला ७ ने भाग जातो (५५), ११ ने जातो (३५), १३ ने जात नाही (१३×२९ = ३७७, बाकी ८). दिलेल्या संख्येलाही अगदी तसंच. ७×११×१३ = १००१, आणि १००० ही त्याहून एकने कमी, त्यावर हे सगळं उभं आहे.

इथे दोन खड्डे आहेत.

पहिला खड्डा स्वल्पविरामांचा. आपण लाख-कोटीच्या पद्धतीने स्वल्पविराम देतो, म्हणून नजर आपोआप ५२८, ५३, ०९, ४ असेच गट उचलते. तसे घेतले तर ५२८−५३+९−४ = ४८०, आणि ४८० ला ना ७ ने भाग जातो ना ११ ने. दोन खरे अवयव एका झटक्यात हातचे गेले. या कसोटीसाठी संख्या स्वल्पविराम काढून, ४०९५३५२८ अशी पुन्हा लिहा आणि मगच गट पाडा.

दुसरा खड्डा: ३८५ मध्ये ५ हाही अवयव आहे. म्हणून दिलेल्या संख्येला ५ ने भाग जातो असं मुळीच नाही. ही कसोटी फक्त ७, ११ आणि १३ बद्दल बोलते.

तपासा: या टप्प्याअखेर तुमच्या वहीत 'जातो' खाली २^३, ९, ७, ११ आणि 'जात नाही' खाली ५, १३ असायला हवं. 'जात नाही' ही यादी जपून ठेवा. दिलेल्या संख्येला ज्या मूळ संख्येने भाग जात नाही, तिने पुढच्या कुठल्याही शिलकेलाही जाणार नाही.

## टप्पा ३: एक मूळ संख्या संपेपर्यंत दुसरीकडे वळू नका

४,०९,५३,५२८ ÷ २ = २,०४,७६,७६४
२,०४,७६,७६४ ÷ २ = १,०२,३८,३८२
१,०२,३८,३८२ ÷ २ = ५१,१९,१९१
५१,१९,१९१ ÷ ३ = १७,०६,३९७
१७,०६,३९७ ÷ ३ = ५,६८,७९९
५,६८,७९९ ÷ ७ = ८१,२५७
८१,२५७ ÷ ११ = ७,३८७

५१,१९,१९१ च्या अंकांची बेरीज बघा: बरोबर २७. इथे '२७ ने भाग जातो' म्हणून ३^३ लिहिणारे बरेच निघतात. प्रत्यक्षात दोनदा ३ ने भागल्यावर ५,६८,७९९ उरते, तिच्या अंकांची बेरीज ४४, आणि ३ तिथेच संपतो.

एकदा भाग गेला की त्याच संख्येने पुन्हा भागून बघायचं, आणि 'आता जात नाही' हे लिहूनच पुढे जायचं. ८१,२५७ ला ७ ने भागल्यास बाकी १ उरते, म्हणून ७ एकदाच. ७,३८७ चा अकराचा ताळा ७−८+३−७ = −५, म्हणून ११ एकदाच. ७ आणि ११ वर ही फेरतपासणी सर्रास राहून जाते. ४९ आणि १२१ हे अवयव त्यामुळेच निसटतात.

ताळा: ८×९×७×११ = ५,५४४, आणि ५,५४४×७,३८७ = ४,०९,५३,५२८. हा गुणाकार जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा ४: उरलेली संख्या मूळ आहे की तसा भास आहे

उरलेत ७,३८७. शेवटी ७, बेरीज २५, ओळखीच्या कुठल्याच कसोटीला दाद नाही. बहुतेक चुकीची उत्तरं इथे जन्माला येतात.

नियम साधा आहे. संख्या संयुक्त असेल तर तिचा निदान एक मूळ अवयव तिच्या वर्गमूळापेक्षा मोठा नसतो. वर्गमूळ मात्र शिलकेचं घ्यायचं, सुरुवातीला दिलेल्या संख्येचं नाही. ४,०९,५३,५२८ चं वर्गमूळ ६,३९९ च्या थोडं पुढे आहे, आणि तिथपर्यंत आठशेहून जास्त मूळ संख्या आहेत. ७,३८७ चं वर्गमूळ ८६ च्या किंचित अलीकडे (८६×८६ = ७,३९६). म्हणजे ८३ पर्यंत गेलं की झालं. १३ पर्यंतचा निकाल आधीच लागलेला आहे, तेव्हा १७ पासून ८३ पर्यंत, फक्त सतरा भागाकार.

आता ते सतराही करायचे असतात. १७ ने बाकी ९, १९ ने १५, २३ ने ४, असं करत करत ५३ पर्यंत आलं की हात आखडतो आणि 'मूळ आहे' असं लिहून टाकावंसं वाटतं. ७१ ने बाकी ३. ७३ ने १४. ७९ ने ४०. आणि अगदी शेवटची, ८३:

८३ × ८९ = ७,३८७

सोळा भागाकार करून सतरावा सोडणाऱ्याचं उत्तर एकही भागाकार न करणाऱ्याइतकंच चुकतं.

भागण्याआधी हे करून बघा. शिल्लक विषम असेल तर वर्गमूळाच्या लगेच वरची पूर्ण संख्या घ्या, तिचा वर्ग करा आणि त्यातून शिल्लक वजा करा. ८६^२ − ७,३८७ = ९, आणि ९ हा ३ चा वर्ग. म्हणून ७,३८७ = ८६^२ − ३^२ = (८६−३)(८६+३) = ८३×८९. दोन ओळींत काम फत्ते. वजाबाकी पूर्ण वर्ग आली नाही तर ८७, ८८ असं पुढे सरकत जा. आठ-दहा प्रयत्नांत जमलं नाही तर सोडून द्या आणि भागाकारांकडे वळा, कारण ही युक्ती दोन अवयव एकमेकांच्या जवळ असतील तेव्हाच झटपट चालते. ती फसली म्हणजे संख्या मूळ, असा अर्थ कधीच काढू नका.

शिल्लक फार मोठी असेल तर हाताने भागत बसण्यात अर्थ नाही, कॉम्प्युटरवर मूळत्वाची चाचणी लावा. २ चा (संख्या वजा १) इतका घात करून त्या संख्येने भागायचं. बाकी १ आली नाही तर विषम संख्या नक्की संयुक्त. बाकी १ आली तर मात्र ती मूळ असेलच असं नाही. ३४१ ही परीक्षा पास होते, आणि ३४१ = ११×३१. ५६१ (३×११×१७) तर तिच्याशी सहमूळ असलेला कुठलाही पाया (२ च्या जागी घ्यायची संख्या) घेतला तरी पास होते. म्हणून याच चाचणीचं जास्त कडक रूप, मिलर-राबिन चाचणी, वापरा. २, ३, ५ आणि ७ हे चार पाये घेतले तर ३,२१,५०,३१,७५१ पेक्षा लहान संख्यांसाठी तिचा निकाल पक्का असतो. ३७ पर्यंतचे बाराही मूळ पाये घेतले तर ६४ बिटांत मावणाऱ्या सगळ्या संख्यांचा निकाल पक्का. चाचणीने 'संयुक्त' म्हटलं तरी अवयव कुठले हे ती सांगत नाही. ते काम वेगळं करावं लागतं.

अंतिम रूप: ४,०९,५३,५२८ = २^३ × ३^२ × ७ × ११ × ८३ × ८९

## टप्पा ५: विभाजक किती आणि त्यांची बेरीज किती

संख्या. प्रत्येक घातांकात १ मिळवा आणि गुणाकार करा: (३+१)(२+१)(१+१)(१+१)(१+१)(१+१) = १९२. यात १ आणि ती संख्या स्वतः, दोन्ही धरलेले आहेत. नेहमीची चूक म्हणजे ज्यांच्यावर घातांक लिहिलेला नाही त्यांना ० धरणं. तिथे १ असतो.

७,३८७ मूळ समजली असती तर हाच आकडा ४×३×२×२×२ = ९६ आला असता. नेमका निम्मा, आणि बघून कुणालाही शंका येणार नाही.

बेरीज. प्रत्येक मूळ अवयवाचा एक कंस करा. कंसात १ पासून सगळे घात यायला हवेत:

(१+२+४+८) = १५
(१+३+९) = १३
(१+७) = ८
(१+११) = १२
(१+८३) = ८४
(१+८९) = ९०

मग गुणाकार: १५×१३×८×१२×८४×९० = १४,१५,२३,२००.

इशारा: २^३ साठी (१+८) आणि ३^२ साठी (१+९) लिहू नका, मधले घात सोडायचे नसतात. आणि कंसांची बेरीज करायची नाही, गुणाकार करायचा.

ताळा: कंसांच्या गुणाकाराला ९ ने भाग जातो (९० आहेच). उत्तराच्या अंकांची बेरीज १८, जुळलं. अकराने भागल्यावर कंसांच्या बाक्या ४, २, ८, १, ७, २. त्यांचा गुणाकार ८९६, आणि ८९६ ला ११ ने भागल्यावर बाकी ५. उत्तराचा अकराचा ताळा −६, म्हणजेच ५. हेही जुळलं.

संख्या स्वतः वगळली तर उरलेल्या विभाजकांची बेरीज १०,०५,६९,६७२. ती संख्येपेक्षा मोठी आहे, म्हणून ही 'विपुल' संख्या. बेरीज बरोबर संख्येइतकी असती तर परिपूर्ण म्हटलं असतं. तुलना करताना संख्या वजा करायला विसरू नका. न वजा करता तुलना केली तर १ पेक्षा मोठी प्रत्येक संख्या विपुल ठरेल.

## टप्पा ६: वर्ग, घन आणि वर्गांच्या बेरजा

पूर्ण वर्ग आहे का? शेवटी ८ आहे, म्हणून नाही. पूर्ण वर्गाच्या शेवटी २, ३, ७ किंवा ८ कधीच येत नाही. उलट बाजूने मात्र हा नियम चालत नाही: शेवटी ६ आला म्हणून संख्या वर्ग ठरत नाही. खरा निकाल घातांकांचा. सगळे सम असतील तरच वर्ग, सगळ्यांना ३ ने भाग जात असेल तरच घन.

किमान कितीने गुणलं की पूर्ण वर्ग होईल? विषम घातांक असलेले अवयव एकेकदा घ्या: २×७×११×८३×८९ = ११,३७,५९८. ३ चा घातांक आधीच सम आहे, त्याला हात लावू नका.

दोन वर्गांची बेरीज होईल का, हे बघायला ४ ने भागल्यावर ३ बाकी उरणारे मूळ अवयव वेगळे काढा: ३, ७, ११, ८३. या सगळ्यांचे घातांक सम हवेत. ३ चा आहे, पण ७ चा नाही. म्हणजे होणार नाही, पुढे बघायची गरजच नाही. तीन वर्गांची होते: ४ बाहेर काढल्यावर १,०२,३८,३८२ उरते, तिच्यात आणखी ४ नाही, आणि तिला ८ ने भागल्यावर बाकी ६ येते. ही बाकी ७ आली असती तरच अडचण होती.

## टप्पा ७: सहमूळ संख्या

१ पासून या संख्येपर्यंत तिच्याशी सहमूळ असलेल्या संख्या किती, याला ऑयलरचं फाय म्हणतात. प्रत्येक अवयवासाठी (मूळ संख्या वजा १) घ्या, आणि घातांक १ पेक्षा मोठा असेल तर एकने कमी घाताने गुणा. २^३ चे ४, ३^२ चे ६, मग ६, १०, ८२, ८८. गुणाकार १,०३,९१,०४०. इथे ८ साठी ७ आणि ९ साठी ८ लिहिणं ही ठरलेली चूक.

दोन मोठ्या संख्यांचा फक्त मसावि हवा असेल तर हा सगळा खटाटोप करूच नका. मोठीला लहानीने भागा, मग लहानीला बाकीने, असं बाकी शून्य होईपर्यंत. अवयव पाडण्यापेक्षा ते कितीतरी पटीने लवकर होतं.

## टप्पा ८: द्विमान रूप

म्हणजे फक्त ० आणि १ या अंकांत (बिटांत) लिहिलेली संख्या. दोनने भागत जा आणि बाक्या खालून वर लिहा: १० ०१११ ०००० १११० ०११० १०११ १०००. एकूण २६ बिट. शेवटी तीन शून्यं आहेत, म्हणजे २ चा घातांक ३. टप्पा २ शी जुळत नसेल तर बहुधा बाक्या वरून खाली लिहिल्या गेल्या आहेत.

## कॉम्प्युटरवर करताना

एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच जपतं. १२३४५६७८९०१२३४५६ टाइप केलं की शेवटचा ६ जाऊन ० येतो, आणि कुठलीही सूचना मिळत नाही. मग तुम्ही भलत्याच संख्येचे अवयव पाडत बसता, आणि ५ ने भाग जातोय म्हणून खूषही होता. सेल आधी 'टेक्स्ट' करून ठेवला तर अंक टिकतात, पण त्यावर हिशेब केला की पुन्हा तेच.

पायथनमध्ये पूर्णांक कितीही मोठा चालतो. तिथला धोका भागाकाराच्या खुणेत आहे. एका तिरक्या रेघेने (/) भागलं की उत्तर दशांशात जातं, आणि २^५३ म्हणजे ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ च्या पुढे शेवटचे अंक बिनभरवशाचे होतात. दोन रेघा (//) आणि बाकीसाठी % वापरा. वर्गमूळही दशांशी फंक्शनने काढू नका, पूर्णांकी वर्गमूळाचं वेगळं फंक्शन आहे ते घ्या. लिनक्स असेल तर टर्मिनलमध्ये 'फॅक्टर' ही आज्ञा थेट मूळ अवयव देते. तरी तिला संख्या देताना स्वल्पविराम काढा आणि अंक मोजा.

## शिल्लक फुटतच नसेल तर

चाचणी 'संयुक्त' म्हणते पण अवयव सापडत नाहीत, अशी वेळ येऊ शकते. आरएसए-२५० ही अवयव पाडण्याचं आव्हान म्हणून दिलेली २५० अंकी संख्या २०२० मध्ये फोडली गेली, तीही खूप मोठी संगणकशक्ती लावून. तुमच्याकडे तशी शिल्लक असेल तर ती मूळ असल्यासारखी वापरू नका. उत्तरात 'संयुक्त, अवयव अज्ञात' असं लिहा. विभाजकांची संख्या, त्यांची बेरीज आणि फाय हे रकाने रिकामे ठेवा. पूर्ण वर्ग आहे का, अमुक संख्येने भागल्यावर बाकी किती, द्विमान रूप काय, दुसऱ्या संख्येशी मसावि किती, एवढं मात्र अवयवांशिवायही भरता येतं.